मधली खूण

जिजा पारडू शोधायला निघाली आणि एका माणसाचा दोर सोडून बसली. पुढचं सगळं त्यातूनच घडलं, म्हणून आधी तेच सांगायला हवं.

चांदीप गावाच्या मागे, तिच्या बाबांच्या भातशेताला लागून एक कातळ आहे. ऐंशीएक फूट उंच. समोरून भिंतीसारखा उभा, मागून मात्र गुरांच्या वाटेनं सहज वर जाता येतं. भात झोडून झालं होतं, रविवार होता, आणि जिजाला विरारच्या लॅबमधून सुट्टी होती. आठवडाभर लोकांच्या दंडातून रक्त काढायचं आणि रविवारी बाबांची बोलणी खायची, असा तिचा क्रम. त्या सकाळी म्हशीचं पारडू दावं तोडून पळालं होतं आणि श्रीपतबाबांचा आवाज अख्ख्या पाड्यानं ऐकला होता.

कातळावर पारडू नव्हतं. उंबराच्या बुंध्याला मात्र एक निळा दोर बांधलेला होता... जाड, मऊ, नवाकोरा. त्याचं दुसरं टोक कड्यावरून खाली गेलं होतं. कोणीतरी विसरून गेलंय, पेंढ्याचे भारे आवळायला बरा आहे, असं म्हणत तिनं गाठ सोडायला घेतली. गाठ भलतीच अवघड होती. पण न दिसणाऱ्या शिरा रोज शोधणाऱ्या बोटांना गाठीचं काय कौतुक!

"ओ! कोण आहे वर? हात लावू नका... दोराला हात लावू नका!"

आवाज खालून आला. जिजा पोटावर सरकत कड्याशी गेली आणि डोकावली. अर्ध्या कड्यावर, सुपाएवढ्या जागेत एक माणूस उभा होता. डोक्याला हेल्मेट, घामानं चिकटलेला शर्ट, आणि वर बघणारे डोळे. ते घाबरलेले नव्हते, फार दमलेले होते.

"मी... मी सोडला," ती कशीबशी म्हणाली.

"उंबराचा?"

"हो."

"मागे खडकाला एक पट्टा आहे. तो बघा. तो तरी ठेवलात का?"

तिनं मागे पाहिलं. "आहे."

"मग ठीक आहे. मी दोन ठिकाणी बांधतो. कोणी एक सोडलाच तर..."

"म्हणजे मी येणार हे ठाऊक होतं तुम्हाला?"

खालून हसण्याचा आवाज आला, आणि जिजाचा जीव भांड्यात पडला.

तो वर आला तेव्हा तिनं त्याला नीट पाहिलं. संग्राम त्याचं नाव. घर मूळचं साताऱ्याकडचं, आता विरारला फ्लॅट. एका इंजिनिअरच्या ऑफिसात इमारतींचे नकाशे काढायचा आणि रविवारी कडे चढायचा. त्यानं उंबराची गाठ पुन्हा बांधली, सवयीनं मागे वळून "बघ बरं" असं म्हणाला. मागे कोणीच नव्हतं.

"तुमच्याबरोबर कोण असतं?" जिजानं विचारलं.

"कोणी नाही."

"मग खालून दोर कोण धरतं?"

त्यानं कमरेची छोटी पकड दाखवली. दोरावरून ती वर सरकायची, खाली मात्र सरकत नव्हती. "हीच धरते."

"बरंय. माणसाची गरजच नाही."

"नाही," तो इतकं सरळ म्हणाला की तिची पुढची थट्टा ओठातच राहिली. मग जाताजाता तोच वळला. "काळं पारडू शोधताय का? कपाळावर पांढरं? खालच्या तुरीत आहे. तासभर बघतोय वरून, मजेत खातंय."

"आणि तासभर हाकललं नाहीत?"

"लटकलो होतो मी!"

पुढच्या रविवारी जिजा कातळापाशी गेली. पारडू गोठ्यात होतं, तरी गेली. त्याच्या पुढच्या रविवारी फडक्यात तांदळाच्या भाकऱ्या बांधून गेली. दोर कसा धरायचा हे तिनं हट्टानं शिकून घेतलं. वर जाणाऱ्याच्या कमरेपासून दोर उंबराला अडकवलेल्या कडीतून खाली येतो आणि धरणाऱ्याच्या हातात असतो. वरचा जसा चढेल तसा ओढून घ्यायचा, आणि तो घसरला तर घट्ट आवळायचा. एकानं गाठ बांधली की दुसऱ्यानं ती बघायची, हा त्यांच्यातला रिवाज. संग्राम तिच्यासमोर गाठ धरायचा, ती वाकून बघायची, आणि तेवढ्या वेळात दोघांचाही श्वास जरा अडखळायचा.

"तुमचा दोर मला धरायला दिलात. भरवसा आहे वाटतं?"

"तुझ्यावर आहे."

"तुझ्यावर" हा शब्द तिनं आठवडाभर उशाशी ठेवला. मग तीही त्याला अरे-तुरे करू लागली.

एकदा अवघड जागी त्याचा पाय लटपटायला लागला. खालून जिजानं ओरडून विचारलं, "नाश्ता काय केलास सकाळी?"

"काय? पोहे! आत्ता हे काय..."

"शेंगदाणे होते त्यात?"

"होते!"

"तळलेले की नुसते?"

तो हसला आणि पाय थांबला. खाली आल्यावर ती म्हणाली, "लॅबमध्ये सुई टोचताना मी हेच विचारते. माणूस उत्तर द्यायला लागला की भ्यायचं विसरतो." तो तिच्याकडे बघत राहिला. जरा जास्तच वेळ बघत राहिला. जिजाचं त्याच्यावर मन जडलं होतं, आणि आता ते लपवण्यात काही अर्थ उरला नव्हता.

"आता मी चढते," ती म्हणाली. "तू धर."

"नाही."

"घाबरतोस? मी काही जड नाही."

"जिजा, मी कोणाचा दोर धरत नाही."

आणि मग बांधावर बसून त्यानं सांगितलं. चार वर्षांपूर्वी कल्पेश नावाचा त्याचा जिवलग दोस्त एका मोठ्या कड्यावर चढला होता. दोर संग्रामच्या हातात होता; इथल्यासारखा वर टांगलेला नव्हता, कल्पेश वर जाईल तसा संग्राम तो खालून सोडत होता. साठ मीटरचा दोर, बरोबर मध्यावर काळी खूण. वरचा माणूस माथ्यावर पोचेपर्यंत ती खूण हातात आली नाही, तर खाली सोडायला दोर पुरतो, असा साधा हिशोब. खूण आली नव्हती. संग्राम निर्धास्त होता.

"पण त्याच्या महिनाभर आधी आम्ही तो दोर कापला होता. घासून खराब झालेलं आठ मीटर. मधली खूण आता मध्यावर नव्हती... आणि आम्ही दोघंही ते विसरलो. दोराच्या शेवटाला गाठ मारतात, म्हणजे टोक हातातून निसटत नाही. तीही मी मारली नव्हती. चहाची घाई होती मला, जिजा. चहाची. त्याला खाली सोडता सोडता दोर संपला. वीस फुटांवरून पडला तो."

"वाचला ना?"

"पाय कायमचा गेला कामातून." मग तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "तुझ्या मनात काय आहे ते कळतं मला. माझ्याही तेच आहे. पण माझ्या भरवशावर कोणी राहू नये. दोरावर नाही... आणि घरातही नाही."

मनातलं सांगून टाकलं आणि त्याच श्वासात दार लावून घेतलं! जिजाला रडू आलं, आणि त्याहून जास्त राग आला. राग आला की ती स्वस्थ बसणाऱ्यातली नव्हती. सुट्टी टाकून तिनं सरळ कल्पेशचं गाव, गिरीज गाठलं.

कल्पेश केळीच्या वाडीत पानं कापत होता. उजवा पाय आखडलेला, तोंड मात्र चांगलंच मोकळं.

"पाय माझा मोडला आणि रुसून बसलाय तो!" तो म्हणाला. "चार वर्षं झाली. फोन उचलत नाही, पण दिवाळीला मिठाईचा डबा न चुकता पाठवतो. मला डबा नकोय गं, तो हवाय. खूण बदलायची राहिली ती दोघांची चूक. गाठ राहिली ती त्याची, मान्य. पण मला खांद्यावर घेऊन दोन तास जंगल तुडवलं ते कोणी? ते नाही आठवत त्याला."

"मी काय सांगू त्याला?"

"सांगू नको काही. सांगणारे खूप झाले. त्याच्या हातात दोर दे."

रविवारी जिजानं चढायचा कमरपट्टा चढवला, दोर कमरेला बांधला, दुसरं टोक संग्रामच्या पायाशी ठेवलं आणि कातळाला हात लावून उभी राहिली.

"जिजा, मी धरणार नाही."

"मी कुठं चढतेय? नुसती उभी आहे."

तासभर ती उभी राहिली. मग गाठ सोडून घरी गेली. पुढच्या रविवारी तेच. तो दोराकडे बघायचा, हात पुढे करायचा, आणि मागे घ्यायचा. परतताना तिला वाटे, हा माणूस आपल्या हातून गेला. रात्रभर वाटत राही. तरी ती पुन्हा जायची.

तिसऱ्या रविवारी संग्राम कातळाकडे गेलाच नाही. दोराची पिशवी घेऊन तो थेट श्रीपतबाबांच्या खळ्यात येऊन उभा राहिला.

"काका, दोर मोजायचाय. जागा मिळेल?"

श्रीपतबाबांचं अर्धं आयुष्य विहिरीच्या दोरांवर गेलेलं. त्यांनी काही विचारलं नाही. दोन्ही हात फाकून ते वावावावानं दोर मोजू लागले, आणि संग्राम त्यांच्या मागून टेप लावत चालला. मोजून झाल्यावर बाबांनी विचारलं, "यावर कोन चढनार?"

जिजा म्हणाली, "मी."

बाबांनी लेकीकडे बघितलं, मग संग्रामकडे. "मंग परत येकदा मोजू," ते म्हणाले.

परत मोजला. साठ मीटर भरला. दोर दुमडून दोघांनी मध्य काढला, आणि जिजानं त्यावर लाल दोरा घट्ट गुंडाळला. संग्रामनं दोन्ही टोकं हातात घेतली, एकाला गाठ मारली आणि ती तिच्यासमोर धरली.

"बघ बरं," तो म्हणाला.

तिनं ती गाठ बघितली, आणि मगच दोघं कातळाकडे निघाली.

चढताना जिजा घाबरली, खोटं कशाला सांगायचं? निम्म्यावर तिचे हात भरून आले. सुपाएवढ्या त्या जागेवर उभी राहून ती खाली बघू लागली, तर संग्राम दोन्ही मुठींत दोर आवळून उभा होता आणि डोळ्यांची पापणीही हलवत नव्हता. पुढं एकदा तिचा पाय सुटला. हातभर खाली येताच दोर ताठ झाला आणि तिथंच थांबला. ती पुन्हा चढली. तिचा हात उंबराच्या मुळाला लागला तेव्हा खाली लाल दोरा संग्रामच्या पायाशी येऊन पडला होता, म्हणजे अर्ध्याहून जास्त दोर त्याच्याकडे शिल्लक होता.

आता सगळ्यात अवघड काम होतं आणि ते त्याचं होतं... तिला खाली सोडायचं. कल्पेश चढताना पडला नव्हता, उतरताना पडला होता.

"दोरावर बसू?" ती वरून म्हणाली.

वाऱ्यानं उंबराची पानं हलली. ती वाट बघत राहिली.

मग खालून आवाज आला, फाटलेला, "नाश्ता... नाश्ता काय केलास सकाळी?"

जिजाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. तिनं कातळ सोडला आणि सगळा भार दोरावर टाकला. "भाकरी!"

"कशाबरोबर?"

"सुक्या बोंबलाच्या चटणीबरोबर!"

"तिखट होती?"

दोर हलके हलके सुटू लागला. लाल दोरा त्याच्या मुठीतून सरकून वर निघाला, तेव्हा त्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. चटणीत लसूण किती होती, भाकरी कोणी भाजली, दुसरी भाकरी घेतली का... तो विचारत राहिला, ती सांगत राहिली, आणि कधीतरी तिच्या पायाला माती लागली.

संग्रामनं दोर सोडला नाही. त्याचे गाल ओले होते आणि ते पुसायला त्याच्याकडे हात मोकळा नव्हता.

"पोचले मी," जिजा हळूच म्हणाली.

"माहितीय." तो म्हणाला, "संध्याकाळी गिरीजला जायचंय. कल्पेशकडे. येशील?"

"येईन."

"आणि जिजा... नाश्त्याचं रोज विचारलं तर चालेल?"

"रोज?"

"रोज सकाळी. एकाच घरात."

ती त्याच्या अगदी जवळ गेली. "चालेल. पण उत्तर बहुतेक भाकरीच असेल."

तो हसला, आणि तिच्या कमरेची गाठ सोडायला वाकला. पण तिच्या भारानं गाठ इतकी आवळली होती की त्याला काही सुटेना. जिजानं त्याचा हात बाजूला केला. तिला त्या पहिल्या रविवारची आठवण झाली.

"सोडू?" तिनं या वेळी विचारलं.

"सोड," संग्राम म्हणाला.