येऊरच्या चढावरचा हात

ही घडलेली गोष्ट आहे. पटत नसेल तर सोडून द्या, पण रचनासमोर हसू नका. ती अजून तापलेली आहे.

ठाणे. येऊरचा चढ. गेला फेब्रुवारी, आणि वेळ रात्रीची नाही, चांगली उजाडलेली सकाळ.

रचना वरच्या पाड्यावर बालवाडीत शिकवते... म्हणजे शिकवायची. गुडघा दुखरा, सायकल साधी. दोनदा उशीर झाला तेव्हा संस्थेच्या बाईंनी तोंडावर सांगितलं, “पुन्हा झाला तर दुसरी बघू.”

म्हणून तिने सायकल काळुराम मेकॅनिककडे टाकली. मागची चक्री मोठी बसवली की पेडल हलकं पडतं, चढ सोपा जातो.

आणि गेला की! सायकल सरसर वर जायची. गुडघ्याची कुरकुर बंद.

फक्त... मागे कोणीतरी धापा टाकायचं.

वळून बघावं तर रस्ता मोकळा.

मग एकदा पंक्चर झाली. नाक्यावरचा दुकानदार चाक बघून म्हणाला, “ताई, चक्री कुठे बदललीय? ही जुनीच आहे.”

रचनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तडक काळुरामकडे.

“लाज नाही वाटत रे? फसवलंस मला!”

“अगं, ऐक तर! मोठी चक्री तेव्हा मिळालीच नव्हती. मी जेवायला गेलेलो, तू तशीच सायकल घेऊन गेलीस.”

मग इतके दिवस...?

अंगावर काटा आला, पण त्याहून जास्त संताप. न विचारता मागे लागणारा हा कोण? तिने तिथेच मोठी चक्री बसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी चढ लागला... आणि सायकल जागची हलेना.

मागून कॅरियर कोणीतरी घट्ट धरला होता.

“सोड!” ती ओरडली. “नकोय मला तुझी मदत! सोड म्हणते ना!”

धापा थांबल्या. कॅरियर सुटला.

सायकल तिने विकून टाकली. लवकर उठून चालत जाऊ लागली. गुडघा ठणकला तरी चालेल, कोणाचे उपकार नकोत.

सपाट रस्त्यावर काही नसायचं. चढ सुरू झाला की... पाठीवर एक गार तळवा टेकायचा.

एके सकाळी पाड्याचं वळण आलं. ती थांबायला गेली.

तळवा थांबला नाही.

“बाई, इकडे!” पोरं दारातून हाका मारत होती. रचना त्यांच्यासमोरून जंगलाकडे ढकलली जात होती. शेवटी तिने एका झाडाला मिठी मारली, तेव्हा कुठे सुटली.

परत येईपर्यंत उशीर झालाच. नोकरी गेली.

“मेल्याला मदत करायची होती, तर दारात तरी सोडायचं!” ती अजून शिव्या घालते.

येऊरकडे पाठ करून मात्र बसत नाही.