आतली कडी

आमचा सुतार त्या रात्री बिजागऱ्या आणायला बाहेर पडला, काकांनी सुरुवात केली. पुतण्या-पुतणी सरसावून बसले. जेवणं झाली होती, ओसरीवरचा दिवा काकांनीच घालवला होता.

गेल्या वर्षीच्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे आठ वाजलेले. सकाळी गिऱ्हाईक यायचं होतं आणि पुढचं दार अजून करकरत होतं. तो आणि त्याची बायको जुनी, पडीक घरं घ्यायचे, डागडुजी करून विकायचे. लाकूडकाम त्याचं, रंग तिचा. काम चालेल तोवर बिऱ्हाडही तिथंच. "हे विकलं की आपलं कायमचं घर," असं बायको प्रत्येक घराला म्हणायची. या वेळी सुतारही म्हणाला होता. लेक शाळेत घालायची झाली होती ना.

त्या घरात मागे एक लहान खोली होती. खिडकी नाही. दाराला कडी एकच, आणि तीही बाहेरून. बायकोनं पहिल्याच दिवशी नाक मुरडलं.

"गिऱ्हाईक विचारेल, इथं कोंडत होते की काय कुणाला! आतून लाव ती."

"बांधणारा वेडा नसेल गं."

"तू घर विकणारा की त्याचा वकील?"

झालं. कडी आतून बसली. पार वर, पोरीचा हात पोचू नये म्हणून. बाहेरची भोकं बायकोनं पुट्टीनं बुजवली, वर रंग मारला. हात फिरवला तरी कळू नये असं काम.

त्या रात्री बाकी सगळीकडे ओला रंग. वासानं पोरीला खोकला येतो, म्हणून तिला त्याच खोलीत निजवलं. आई बाहेर फरशीवरचे डाग खरवडत बसली. सारखी आत डोकावायची. स्वभावच तसा, पोर शिंकली तरी हिला न्यूमोनिया दिसायचा. शेवटी डोळ्यांवर उजेड नको म्हणून तिनं दार लोटून घेतलं आणि पाठ वळवली.

मागं कडी सरकली.

सावकाश... खट.

"बाळा? कडी काढ गं."

आत फक्त गादी होती. चढायला स्टूल नाही, काही नाही. तिनं दार बडवलं. खांदा मारला. नवऱ्याला फोन लावला. मग दाराला कान लावला.

पोर रडत होती. "आई, आई..." आणि कुणीतरी हळू आवाजात तिची समजूत घालत होतं.

मग नुसतं "आई..."

मग... तेही नाही.

सुतार पंधरा मिनिटांत धावत आला. पहार घातली. दार मोडलं.

पोर गादीवर बसलेली. एकटी. अंगावर ओरखडा नाही. आईनं झडप घालून उचलली, तशी ती आक्रसली. कोपऱ्याकडे पाहिलं. मग आईकडे.

"तुम्ही कोण?"

काका थांबले.

"घाबरली असेल हो," थोरली पुतणी म्हणाली. "लहान मुलांचं होतं असं."

"डॉक्टरही हेच म्हणाले. होईल म्हणे हळूहळू. वर्ष उलटलं. अजून ती आईला म्हणते, 'अहो, जरा पाणी देता का?' आई देते. काय करणार?"

"आणि घर?"

"विकलं गेलं की. त्याच गिऱ्हाइकानं घेतलं. सुतारानं सगळं सांगून पाहिलं, तर नवराबायको दोघंही हसले. त्यांचंही मूल लहानच आहे."

"काका, पण हे खरं कशावरून?" धाकट्यानं विचारलं. आवाज जरा कापराच होता.

काका पुढे झुकले.

"त्याच दुपारी आईनं पोरीचे केस कापले होते. रंगात भरतात म्हणून. कानापर्यंत... आणि तिला उचललं तेव्हा पाठीवर हाताला वेणी लागली. घट्ट घातलेली. कमरेखाली आलेली."