व्याकरणाचं कव्हर

सांगलीच्या मार्केट यार्डामागं निमिषचं पुस्तकांचं दुकान होतं. पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांची, बाईवर जीव जडलेल्या बायांची पुस्तकं, दुसरी नाहीतच. पण गिऱ्हाइकानं ती घरी न्यायची कशी? म्हणून त्याचा जोडीदार जयराज प्रत्येक पुस्तकाला शाळेसारखं खाकी कव्हर घालायचा. खळ स्वतः शिजवायचा, बोटानं लावायचा, वर लेबल डकवायचा: ‘मराठी व्याकरण’. साताऱ्याहून लोक यायचे आणि उजळ माथ्यानं व्याकरण घेऊन जायचे.

त्या दुपारी जयराजचा थोरला भाऊ राजवर्धन ऊसतोडीचा कोयता घेऊन आत शिरला. सोबतच्या कोंडीबानं खालचा कप्पा पोत्यात रिकामा केला.

“नदीत टाकून ये,” राजवर्धन त्याला म्हणाला. मग निमिषकडं वळला. “जयाला म्हसवडला कोंडलाय. आता तुजं दुकान बगतो.”

निमिष आडवा आला तशी कोयत्याची मूठ त्याच्या जबड्यावर बसली. दात तुटून जिभेवर आला. कोयता पुस्तकांवर चालू लागला. आवाज कागदाचा नव्हता, ओला होता. चिरलेल्या कव्हरांच्या कडा काळपट भिजत होत्या.

निमिषचा फोन वाजला. जयराजची बहीण संयोगिता होती.

“निमिषदादा, जयादादाच्या पाठीवर वार उटायल्यात. खोलीत कुणी न्हाई. कुलूप भायेरनं हाय. मी खिडकीतनं बगतीया.”

कोयता पुन्हा पडला. फोनमध्ये जयराज किंचाळला.

निमिषनं फोन राजवर्धनच्या कानाला लावला. भावाची किंकाळी अजून थांबली नव्हती. राजवर्धनच्या हातातून कोयता गळून पडला.

जयराजची खळ डब्यात उरली होती. निमिष पुस्तकांवरच्या चिरा चिकटवत सुटला, तोंडातलं रक्त पुसायचं भान त्याला नव्हतं. राजवर्धन पानं दाबून धरत होता.

“रगात थांबलं,” संयोगिता फोनवरनं म्हणाली.

निमिषला रडू फुटलं. मग त्याची नजर खालच्या कप्प्यावर गेली.

राजवर्धननं कोंडीबाला फोन लावला. “पोतं टाकू नगंस, गड्या.”

“मगाच टाकलं की, अण्णा.”

निमिषच्या फोनवर संयोगिता हळू बोलत होती.

“दादाच्या तोंडातनं पानी येतंय. गढूळ हाय. थांबंना झालंय.”

म्हसवडच्या नळाला त्या आठवड्यात पाणी आलं नव्हतं.