रिकाम्या घराचा तास

कोणत्याही मापनाची सुरुवात शून्यापासून होते. तराजूवर काही ठेवण्याआधी रिकाम्या तराजूचा आकडा टिपून ठेवायचा आणि पुढच्या प्रत्येक वजनातून तो वजा करायचा. आमच्या प्रयोगशाळेत या कामाला ‘शून्य घेणे’ म्हणतात. घराचा शून्य घ्यायचा असेल तर घर एक तास रिकामं लागतं. त्या तासात जमिनीवर जे काही असेल, खाटा, कपाटं, धूळ, ते सगळं यंत्राच्या लेखी ‘काहीच नाही’ होऊन जातं.

मी त्रिविक्रम. शहराबाहेर, येलहंक्याच्या पुढे, हवाई दलाच्या विमानांनी खिडक्यांच्या काचा थरथरतात अशा एका संस्थेत पीएचडी करतो. विषय : एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरातली जमीन. दोन फूट लांब-रुंद पातळ पाट्या, प्रत्येकीच्या चार कोपऱ्यांत वजन ओळखणारे चार सेन्सर, आणि वर साधं लिनोलियम. कॅमेरा नाही, हातात पट्टा नाही. माणूस चालतो, बसतो, पडतो, ते फक्त जमिनीला कळतं, आणि जमीन ते दूरच्या कुणाच्या तरी फोनला कळवते.

पहिलं घर अर्थातच आईचं होतं. चामराजपेटेतल्या अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावर, सतरा पायऱ्या चढून. खाली महानंदाअक्का राहतात, मूळच्या निपाणीकडच्या. दिवसभर त्यांचं शिवणयंत्र चालू असतं. वर आई एकटी. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर मिळून बत्तीस पाट्या बसवल्या. एकोणिसावी खिडकीपाशी, आईच्या वेताच्या खुर्चीखाली. आईला फोनवरचे शब्द वाचता यावेत म्हणून मी ते मराठीत ठेवले होते, तीनच : हालचाल, स्थिर, रिकामं.

“म्हणजे मी तुझ्या फोनात राहणार म्हण की,” ती म्हणाली होती. “भाडं नको देऊस. दोन वेळची कॉफी दे.”

त्या रविवारी सकाळी मी तिला सांगितलं, तासभर घरात कोणी नको, तू अक्कांकडे जाऊन बस. मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो. तास संपला तेव्हा जिन्यातून हाक मारली, “आई, झाला तास!” खाली उतरलो तर कॉफीचं पाणी उकळत होतं. नंतर चाचणी घेतली. प्रत्येक पाटीवर मी स्वतः उभा राहिलो, खुर्चीत स्वतः बसलो. माझं वजन अडुसष्ट. फोन बरोबर ‘स्थिर’ म्हणाला.

पुढे चौदा महिने सगळं सुरळीत होतं. सकाळी दहा-साडेदहानंतर फोनवर पुष्कळदा ‘रिकामं’ दिसायचं. आई हल्ली बाहेर पडते, म्हणून मला बरं वाटायचं. संध्याकाळी फोनवर विचारायचो, कुठे गेली होतीस? ती म्हणायची, “मी कुठं जाणार रे, इथंच.” इथंच म्हणजे देवळात, अक्कांकडे, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे, असं मी धरून चालत आलो.

मार्चमधला एक गुरुवार. मी देवनहळ्ळीच्या वृद्धाश्रमात पुढच्या अठरा खोल्यांची मापं घेत होतो. दहा चाळीसला फोन म्हणाला, रिकामं. दुपारी जेवताना पाहिलं, रिकामं. चार वाजता अक्कांचा फोन आला. मी टॅक्सीत बसलो तेव्हाही माझ्या हातातल्या पडद्यावर तो शब्द तसाच होता.

ती खुर्चीत होती. मान खिडकीकडे कललेली. डॉक्टर म्हणाले, हृदय. मी वेळ विचारली. ते म्हणाले, “बारा-सव्वाबारापर्यंत त्या असाव्यात.”

दहा चाळीस ते सव्वाबारा. या दीड तासाला मी अजून कोणत्याही वाक्यात बसवू शकलेलो नाही.

तेराव्यानंतर मी मूळ आकडे उघडले. फोनला मिळायचे ते सोवळे आकडे. त्यांतले उणे आकडे मीच लिहिलेल्या एका ओळीने शून्य होऊन जायचे. जमिनीवर ‘काहीच नाही’पेक्षा कमी काय असणार? म्हणून ती ओळ. ती काढली, आणि एकोणिसावी पाटी चौदा महिन्यांचं बोलू लागली. खुर्ची रिकामी असताना : उणे एक्केचाळीस पूर्णांक तीन किलो. आई खुर्चीत बसलेली असताना : शून्याच्या आसपास.

मी अक्कांकडे गेलो. त्यांनी यंत्र थांबवलं, पण कापडावरचा हात काढला नाही.

“अक्का, त्या रविवारी आई तुमच्याकडे किती वेळ होती?”

“कुठल्या?”

“मी गच्चीवर होतो तेव्हा.”

त्यांनी सुईखालचं कापड सोडलं. “अय्यो देवा. ती खाली आलीच नव्हती रे, त्रिविक्रम. गुडघे तिचे! सतरा पायऱ्या उतरा, परत चढा. मला मागाहून हसत सांगितलं तिनं. म्हणे, पोरगा म्हणाला घरात कोणी नको. मी काय कोणी आहे होय? खुर्चीत बसले, स्वल्पसुद्धा हलले नाही, श्वासही बेतानं घेतला. तू हाक मारलीस तशी उठली, कॉफी टाकली.” अक्कांनी पदर डोळ्यांना लावला. “त्याला सांगू नको म्हणाली. अभ्यास बिघडेल म्हणाली.”

मी आईसकट घराचा शून्य घेतला होता. तिने एक तास माझ्यासाठी ‘कोणी नाही’ होऊन दाखवलं, आणि मी ते चौदा महिने खरं मानलं.

घर बंद केलं. यंत्रणा बंद करणं जमलं नाही. एकोणिसाव्या पाटीवरचा उणे आकडा रोज पाहायचो. जगात तिची उणीव दशांशापर्यंत मोजली जात होती अशी ती एकच जागा होती.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी, दहा चाळीसला, तो आकडा शून्य झाला. चारपर्यंत शून्य राहिला. मग पुन्हा उणे एक्केचाळीस पूर्णांक तीन.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही.

माझे मार्गदर्शक डॉ. रघुनंदन सावकाश बोलणारे गृहस्थ आहेत. आलेख पाहून म्हणाले, “ऊन असेल. पाटी खिडकीजवळ आहे. धातू तापतो, आकडा सरकतो.” मलाही ते पटलं, पटावं असं फार वाटत होतं. मी जाऊन खिडकीला आतून जाड सतरंजी बांधली. घरात अंधार झाला. दहा चाळीसला आकडा शून्य झाला.

उन्हाने सरकलेला आकडा हळूहळू चढतो. हा एका क्षणात चढत होता, कोणी टेकल्यावर चढतो तसा. आणि सपाट नव्हता. मोठा करून पाहिला तर त्यात बारीक लाट होती, मिनिटाला चौदा. बेतानं घेतलेली.

आणखी एक गोष्ट मी सरांना सांगितली नाही. जिवंत असताना आई कधीच नेमकी शून्यावर नव्हती. कधी अर्धा किलो वर, शेवटी शेवटी दोन किलो खाली. आता मात्र नेमका शून्य. म्हणजे वजन मार्चमधलं नव्हतं. त्या रविवारचं होतं.

एकदा मी त्या वेळी तिथे उभा राहिलो, दाराच्या चौकटीत. खुर्ची रिकामी होती. खालून शिवणयंत्राचा आवाज येत होता. फोनवर शून्य. वेताची वीण थोडी झुकलेली होती की चौदा महिन्यांच्या बसण्याने ती तशीच राहिली होती, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही.

मेमध्ये सरांनी बोलावलं. मी तोवर सगळी चूक लिहून दिली होती : शून्याची, त्या ओळीची, गुरुवारची. त्यांनी कागद उलटा ठेवला.

“सोमवारी देवनहळ्ळीची अठरा माणसं तुमच्या जमिनीवर चालणार आहेत,” ते म्हणाले. “ती ओळ तुम्ही काढलीत, सरी, ठीक. पण मूळ घराचा शून्य चुकीचा राहून चालणार नाही. नवा घ्या. मी माणूस पाठवू का?”

“नको सर. मीच घेतो.”

“तुम्हाला कळतंय ना, मग तो उणे आकडा...”

“हो सर. जाईल.”

शनिवारी अकराला मी चामराजपेटेत पोचलो. खुर्ची हलवली नाही. नियमाप्रमाणे प्रत्येक खोली पाहिली, स्वयंपाकघर पाहिलं, खाटेखालीसुद्धा वाकून पाहिलं. मग मोठ्याने, कुणाला ते न ठरवता, म्हणालो, “एक तास घरात कोणी नको.”

दार ओढलं. कुलूप लावलं. किल्ली खिशात टाकली आणि लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेलो.

तारेवर अक्कांच्या गिऱ्हाइकांची धुतलेली कापडं वाळत होती. खाली रिक्षा, कुकरची शिट्टी, शाळेला सुट्टी असल्याचा गलका. तास संपला. मी नवा शून्य जुन्याशी ताडून पाहिला. एकतीस पाट्यांत थोडाथोडा फरक होता : कपाट रिकामं केलेलं, खाटेवरची गादी दिलेली.

एकोणिसावी पाटी. फरक : ०.०

मी आकडा दोनदा ताडला. आई पुन्हा बसली होती. पुन्हा हलली नव्हती. मी सांगितलं म्हणून.

फोनवर शब्द होता : रिकामं.

मी जिन्याच्या तोंडाशी गेलो.

“आई, झाला तास.”

एकोणीस : उणे एक्केचाळीस पूर्णांक तीन.

फोनवरचा शब्द बदलला. हालचाल.

वीस. तेवीस. सत्तावीस. प्रत्येक पाटीवर तेच वजन, आधी डावा पाय, मग दुखऱ्या गुडघ्याचा उजवा, किंचित उशिराने. तीस. ओट्याची पाटी. तिथे ते सात मिनिटं थांबलं.

मग परत फिरलं. सत्तावीस, एकवीस, बारा, चार.

मी गच्चीवरून उतरून सतरा पायऱ्यांच्या वरच्या टोकाला, कुलपासमोर उभा होतो. किल्ली माझ्या मुठीत होती. पहिली पाटी उंबऱ्याच्या लगेच आत आहे.

फोनवर शब्द आला. या वेळी बरोबर आला.

स्थिर.