मांजरं राखायला आलेला मुलगा

बानूबाईंच्या वाडीच्या फाटकात एक घर अडकलं होतं.

खरंच घर. चार चाकांचं, खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे, टपावर दोरीने बांधलेली तुळशीची कुंडी, आणि मागच्या दारावर वाळत घातलेला टॉवेल. मी फुग्यांच्या कारखान्यातून सुटून समुद्रकाठच्या नरपडला उतरले होते, हातांना अजून रबराचा वास होता, आणि आमच्या खोलीकडे जाणारी वाटच या घराने अडवली होती. मी अंग चोरून आत शिरले... तर बानूबाईंच्या बंगल्याच्या खिडकीतून एक मुलगा बाहेर उतरत होता. खांद्यावर जहांगीर. जहांगीर म्हणजे बानूबाईंचा बोका, जो माझ्या बाबांना गेली कित्येक वर्षं अंगाला हात लावू देत नव्हता.

"कोण तुम्ही?" मी फाटकाची सुटी लोखंडी कडी उगारली.

"रूपेश. मांजरं सांभाळायला आलोय."

"खिडकीतून?"

"दार आतून लागलं... त्या पांढऱ्या मांजरीने लावलं."

"बटर दार लावते? हे आम्हाला माहीत नव्हतं."

"मलाही आत्ताच कळलं," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या एकाच गालाला खळी पडायची. चोरांना खळी पडते की नाही, मला ठाऊक नव्हतं. मी कडी सोडली नाही.

बानूबाई लेकीकडे पुण्याला गेल्या होत्या, हे खरं होतं. त्यांनी इंटरनेटवर शोधून हा मुलगा आणला होता. तो कराडचा. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिच्यात पलंग, शेगडी, मोरी बसवली होती, आणि लोक गावाला गेले की त्यांची घरं आणि मांजरं सांभाळत देशभर फिरत होता. मधल्या वेळात कॉम्प्युटरवर पुस्तकांची मुखपृष्ठं काढायचा. हे सगळं त्याने सांगितलं. मी त्यातलं निम्मंही खरं धरलं नाही.

मला राग वेगळाच होता. माझे बाबा, बाबल्या, या चिकूच्या वाडीचे राखणदार. माझा जन्म याच वाडीच्या कडेच्या खोलीत झाला. आणि बंगल्याच्या किल्ल्या द्यायच्या त्या एका परक्याला? बाबा मात्र निवांत होते. म्हणाले, मांजरांना मांडीवर घेऊन भरवायचं होतं, मीच नको म्हणालो. मी म्हटलं, तुम्ही भोळे आहात.

आणि ते वर्ष भोळेपणाचं नव्हतं. दोन हजार अठराची होळी नुकतीच झालेली. तलासरीकडे बुलेट ट्रेनच्या मोजणीची माणसं खुंट्या ठोकत फिरत होती, आणि तिथल्या आमच्या पाड्यावर सगळ्यांची झोप उडाली होती. पाड्यावर आमचं घर आहे, उतारावरचं भाताचं शेत आहे, आणि ते सांभाळणारी माझी आई आहे, सोनीबाई. अनोळखी माणसाला लोक पाणी देत होते, पण नाव सांगत नव्हते. जमीन कुणाची ते तर नाहीच.

आणि हा रूपेश काय विचारायचा? "तुमचा पाडा कुठे? जमीन तुमचीच का? माझी गाडी दारापर्यंत जाईल, एवढा रस्ता आहे?"

मी ठरवलं, याच्यावर नजर ठेवायची. रोज कारखान्यातून आले की बंगल्याच्या ओट्यावर जाऊन बसायचे. तो मांजरांना एकेक घास भरवायचा, शिरीन नावाच्या मांजरीला तर गाणं म्हणत. मी पाहत राहायचे. मग तो गवती चहा घालून चहा करायचा आणि न विचारता माझ्यापुढे ठेवायचा.

"रोज चहाला येता," तो एकदा म्हणाला.

"चहाला नाही. पाळत ठेवायला येते."

"बरं. पाळतीत साखर किती टाकू?"

मला हसू आलं, आणि हसू आलं म्हणून जास्तच संशय आला. एवढं गोड बोलणारा माणूस काहीतरी काढून घ्यायला आलेला असतो, असं आई म्हणायची. तो वाळूवरून चालताना चपला हातात घ्यायचा, बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांखालून वाकून जायचा, आणि मी मागे आहे का ते वळून बघायचा. मी असायचेच. मन म्हणायचं, रविना, सांभाळ. पण पाय काही ऐकत नव्हते.

बानूबाई परत आल्या. त्याचं काम संपलं. पुढचं घर गोव्याला होतं, हे मला माहीत होतं. तो गेला नाही.

"गोव्याचं रद्द झालं," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले. खोटं बोलताना त्याचे कानच त्याला दगा देत.

त्याच आठवड्यात आईच्या मोतीबिंदूची तारीख आली. कासाच्या सरकारी दवाखान्यात ऑपरेशन, पुढे काही दिवस तिथेच मावशीकडे मुक्काम. बाबा तिच्यासोबत जाणार, मला कारखान्यात सुट्टी नाही. मग शेळ्या, कोंबड्या, घर? बाबांनी काळजी बोलून दाखवली आणि रूपेश लगेच म्हणाला, "मी राखतो ना. माझं कामच ते आहे."

बाबांनी जागच्या जागी हो म्हटलं. आता कळलं, याला बंगला नकोच होता... याला आमची जमीन बघायची होती. रात्रभर मी रडले. जमिनीसाठी रडले की त्याच्यासाठी, ते मलाच सांगता येत नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी सकाळीच बसने तलासरी आणि तिथून शेअर जीपने पाडा गाठला. अंगणाच्या कोपऱ्यात त्याची गाडी उभी होती. आणि अंगणात तो, हातात मोजायची टेप, उन्हाने रापलेला, एका टोकाला दगडाने खुंटी ठोकत होता. तीन कोपऱ्यांत खुंट्या आधीच उभ्या होत्या. बाजूला शेजारचा जिव्याकाका बाजेवर बसून विडी ओढत होता. शुक्रीआत्या आणि बाकीचा पाडा आपापल्या दारात.

"कुणाच्या सांगण्यावरून ठोकल्यास?" माझा आवाज मलाच परका वाटला. अहोजाहो कधी गळालं, कळलं नाही.

त्याने वर पाहिलं नाही. "काकांच्या."

"कशासाठी?"

"मांडवासाठी."

"कुणाच्या?"

"तुझ्या." आता त्याने पाहिलं. डोळे लाल होते. "आत्या सांगत होत्या, तुझं लग्न ठरलंय. मला वाटलं... निदान मांडव तरी सरळ उभा करून जावं."

"नवरा कोण, ते विचारलंस?"

"हिंमत झाली नाही."

मी जिव्याकाकाकडे पाहिलं. तो विडीआडून हसत होता, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्यात जुनी रीत आहे. लग्नाचा मुलगा मुलीच्या घरी येऊन राहतो, शेळ्या चारतो, पाणी भरतो, घर राखतो. त्याला घरोर म्हणतात. घरचे आणि शेजारचे त्याला पारखतात, मग लग्न. आणि इथे तर बिनलग्नाचा मुलगा आला होता, घरात न शिरता अंगणात गाडी लावून राहिला होता, आमच्या शेळ्यांमागे टेकडी चढत होता. पाड्याने दुसरं काय समजायचं? आत्याने त्याच्याकडून लाकडं फोडून घेतली, काकाने विहिरीतला गाळ काढून घेतला. असं कुणी तोंडाने विचारत नाही, म्हणून कुणी विचारलं नाही. आणि त्याला बिचाऱ्याला वाटत होतं, खेड्यात घर राखायचं म्हणजे एवढं करावंच लागत असेल.

मी त्याला सगळं सांगितलं.

"म्हणजे... नवरा मी?"

"पाड्याच्या मते."

"शेळी दोनदा हरवली यानं," काका मधेच म्हणाला. "पण पोऱ्या बेस आहे. बाबल्याला फोन केला होता मी. तो बोलला, पोरीला विचारा. म्हणून आखणी करून तुझी वाट बघत होतो. नको असला तर खुंट्या उपट. आमच्यातून कोणी काय बोलणार नाही."

सगळा पाडा माझ्याकडे बघत होता. रूपेशसुद्धा.

"गोव्याचं खरंच रद्द झालं होतं?" मी हळूच विचारलं.

"हो. मीच केलं."

"का?"

"तिथे तू नव्हतीस." या वेळी कान लाल झाले नाहीत. "पहिल्या दिवशी तू कडी उगारलीस ना, तेव्हापासून मला दुसरीकडे कुठे जावंसंच वाटत नाहीये. रस्ता केवढा ते म्हणूनच विचारायचो. तुझ्या दारापर्यंत येता यावं म्हणून..." तो थांबला. "मी तुझ्यावर प्रेम करतो, रविना. तू उपट म्हणालीस तर मीच उपटतो."

इतके दिवस जपलेला संशय सगळा त्या अंगणात संपून गेला. मलाही तो हवा होता. फार आधीपासून हवा होता.

त्या वर्षी आमच्या पाड्यात बाहेरच्या माणसाने ठोकलेली एकही खुंटी कुणी उभी ठेवली नव्हती. मी चौथ्या कोपऱ्यात गेले, त्याने नुकतीच रोवलेली खुंटी हलवून पाहिली. सैल होती. पाड्याने श्वास रोखला.

मी त्याच्या हातातला दगड घेतला, खाली बसले, आणि ती घट्ट ठोकली.