दहा हजार हंगामांतली खडकी

गुणतक्त्यात खडकीचा महिला हॉकी संघ दहावा होता, म्हणजे सगळ्यांत खाली. यंत्राच्या मते मात्र तो तिसरा होता. आता बोला.

ह्या यंत्राला लीगवाले ‘प्रतिहंगाम’ म्हणत. झालेला हंगाम ते दहा हजार वेळा पुन्हा खेळवून बघे. कधी चेंडू खांबाला लागून आत जाई, कधी बाहेर. कधी पंचांना फाऊल दिसे, कधी नाही. नशिबाचा भाग असा गाळला, की संघाचा खरा क्रम उरे. शेवटचा संघ लीगबाहेर जायचा, पण त्याला नशिबानेच बुडवलंय असं सिद्ध झालं तर जागा टिकायची. त्यासाठी अर्जावर प्रशिक्षकाची एक सही लागे, पाच वाजायच्या आत.

खडकीच्या प्रशिक्षक वत्सला खिलारे क्लबच्या खोलीत डबा खात होत्या. मुली सकाळीच आपापल्या गावी गेल्या होत्या. वीस वर्षांत बाईंना ह्या सोळा-सतरा मुलींखेरीज माणूस असं उरलंच नव्हतं. लीग गेली की संघ मोडणार, आणि मग घरी जाऊन भिंतींशी बोलायचं.

समोर लीगचा तंत्रज्ञ मुजावर लॅपटॉप उघडून बसला होता.

“तुमच्याविरुद्ध एकोणीस पेनल्टी कॉर्नर, मॅडम. सगळे पायाला चेंडू लागल्याचे. इतर संघांविरुद्ध सरासरी सहा. पंच तुमच्यावर फारच कडक होते. ह्याला नशीब नाही तर काय म्हणायचं?”

बाईंचा घास हातातच राहिला.

“पंचांनी नाही दिले ते. आमच्या मुलींनी दिले. गोलासमोर पायाला चेंडू लागला, की शिट्टीआधी स्वतःच हात वर करायचा, ही खडकीची रीत आहे. माझ्या सरांनी मला लावली, मी ह्यांना.”

“पंचांनी पाहिलं नसलं तरी?”

“तेव्हाच तर करायचा. यंत्राने हात मोजलेत का?”

“यंत्र शिट्टी मोजतं. हात कोण मोजणार? दुसरं कुणी करतच नाही.”

“मग ते एकोणीस हात नशिबात न धरता पुन्हा चालवा.”

मुजावरने नको नको म्हणत चालवलं. तीन मिनिटं लागली.

“दहावा,” तो हळूच म्हणाला. “मॅडम, हे मी पाहिलंच नाही असं समजा. सही करा. मुली तिसऱ्या क्रमांकाच्याच आहेत. खेळ तर तोच ना?”

बाई पडद्याकडे बघत राहिल्या. तो तिसरा संघ छानच होता, पण त्यातल्या एकाही मुलीने एकदाही हात वर केला नव्हता. दहा हजार हंगाम खेळूनही त्यांची खडकी त्यात नव्हती. त्यांना भयंकर एकटं वाटलं. सर असते तर विचारलं असतं, पण सरांना जाऊन अकरा वर्षं झाली होती.

त्यांनी अर्ज ओढला आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं, “नशीब नाही. आमची रीत.” सही केली आणि कागद मुजावरकडे सरकवला.

“अशानं बाहेर जाल.”

“जाऊ.”

तो कागद घेऊन गेला. थोड्या वेळाने फोन वाजला. कप्तान रेश्मा इंगवले होती.

“मॅडम, आपण तिसरे आहोत म्हणे. राहतोय ना लीगमध्ये?”

“नाही गं. मी नाही म्हणून लिहून दिलं.”

“आम्हाला न विचारता?”

आवाजात राग नव्हता, तेच बाईंना लागलं. हात वर करा म्हणतानाही त्यांनी कधी कुणाला विचारलं नव्हतं. खुर्चीत त्या जरा सावरून बसल्या.

“आता विचारते, रेश्मा. खरं सांग. पंच बघत नव्हते, पण मी बाहेर उभी राहून बघतच होते. मी नसते, तर त्या एकोणीसपैकी किती हात वर गेले असते?”