घोरपडेबाईंची जुळणी

चाकणच्या इंजिन प्रयोगशाळेत उघडून ठेवलेल्या इंजिनाकडे श्रीरंग दामले बराच वेळ बघत होता. पिस्टनला तडा गेला होता. पण त्याचं लक्ष तड्याकडे नव्हतंच. ते पडद्यावरच्या आकड्यांकडे होतं. त्या गाडीच्या नियंत्रक संगणकातली जुळणी, म्हणजे इंधन किती सोडायचं आणि ठिणगी केव्हा पाडायची याचं कोष्टक, कोणीतरी बदलली होती. कोणी, ते त्याने पाहताक्षणी ओळखलं. चढावर ठिणगी किंचित उशिरा पाडून लगेच पुढे घ्यायची ही लकब एकाच माणसाची होती.

सुलक्षणा घोरपडे. सात वर्षांपूर्वी ती याच प्रयोगशाळेत त्याच्या शेजारच्या टेबलावर बसायची. तिची जुळणी समितीने नाकारली आणि श्रीरंगची स्वीकारली, तेव्हा ती नोकरी सोडून कोल्हापूरला गेली. आता उद्यमनगरातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती श्रीरंगने लिहिलेली जुळणी पुसून आपली भरत असे. 'बाईंचा हात लागला की गाडी हलकी होते,' असं लोक म्हणत. ते वाक्य ऐकलं की श्रीरंगचा जेवणातला रस जाई.

गाडीच्या मालकीण दिलशाद मुलाणी समोर बसल्या होत्या. त्या गडहिंग्लजहून डायलिसिसचे रुग्ण कोल्हापूरला नेत.

"साहेब, आठवड्यातनं तीनदा न्यावं लागतंय त्यांना. गाडी बंद पडल्यापासनं दोघं एसटीनं जात्यात. इंजिन हमीत बसंल न्हवं?"

"तुम्ही संगणकात बदल करून घेतलात. हमी संपली."

त्या गेल्यावर सहशिक्षण, म्हणजे गाड्यांनी एकमेकींच्या अनुभवातून शिकायचं, या विभागाच्या प्रमुख डॉ. झरीन पटवेकर म्हणाल्या, "सर, तडा ओतकामातल्या पोकळीमुळे गेलाय. जुळणीचा संबंध नाही."

"नियमात संबंध विचारलेला नाही, बदल विचारलाय. आणि ही एकच गाडी नसणार. तिची लकब ओळखणारी चाळणी मी लिहिली आहे. सगळ्या गाड्यांवर चालवू. जिथे सापडेल तिथे हमी आपोआप रद्द."

"आजवर बदललेली गाडी दुरून ओळखता येत नव्हती," झरीन सावकाश म्हणाल्या. "आधी थोड्या गाड्यांवर बघू या का?"

"सगळ्या."

सकाळी दहाला त्याने चाळणी सुरू केली. दोन-तीनशे गाड्या निघतील असा त्याचा अंदाज होता. पाच मिनिटांत आकडा चाळीस हजारांवर गेला. वीस मिनिटांनी तो चार लाख त्र्याऐंशी हजारांवर थांबला. कंपनीच्या रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या. श्रीरंगचा फोन वाजला. त्याच्या स्वतःच्या गाडीची हमी रद्द झाल्याचा संदेश होता.

"चाळणी चुकली," तो म्हणाला.

झरीननी नोंदी उघडल्या. त्यांचा आवाज खाली आला. "चुकली नाही, सर. सहशिक्षण कसं चालतं? प्रत्येक गाडी आपली जुळणी आणि तिचा परिणाम रोज इकडे पाठवते. त्यातली सर्वांत चांगली जुळणी निवडून आपण ती सगळ्यांना देतो. बदललेल्या गाड्या वेगळ्या काढायची सोय नव्हती, म्हणून त्याही स्पर्धेत होत्या. आणि त्याच जिंकल्या."

"म्हणजे गेल्या वर्षी सगळ्या गाड्यांना दिलेली नववी आवृत्ती..."

"तीच. चौदा टक्के इंधन वाचवणारी."

नववी आवृत्ती संगणकाने आपोआप निवडली होती; तिचं कोष्टक श्रीरंगने कधी उघडून बघितलं नव्हतं, तरी तिच्यासाठी सन्मान त्यालाच मिळाला होता. व्यासपीठावर बोलताना, सुलक्षणा हे कुठेतरी बघत असेल, या विचाराने त्याला सन्मानापेक्षा जास्त आनंद झाला होता.

"आणखी एक," झरीन म्हणाल्या. "ही जुळणी नोंदीत पहिल्यांदा आली ती मुलाणींच्या गाडीतून. आपल्या नियमाने मूळ गाडी त्यांची. बदललेल्या बाकीच्या."

श्रीरंगने चाळणी बंद केली, सगळ्या हमी पूर्ववत केल्या आणि मुलाणींच्या अर्जावर 'मंजूर' लिहिलं. मग सात वर्षांत न लावलेला नंबर लावला.

"तुला माहीत होतं?" त्याने विचारलं.

"होय की," सुलक्षणा म्हणाली. मागे इंजिनाचा आवाज येत होता. "तुमची नववी आवृत्ती आली आणि माझ्याकडे येणाऱ्या गाड्या कमी झाल्या. एक उघडून बघितली. माझंच कोष्टक."

"बोलली का नाहीस?"

"समितीपुढं एकदा बोलले होते की."

मग तीच म्हणाली, "बरं झालं फोन केलास. बाहेरची हवा चाळीस अंशांच्या वर गेली की ती जुळणी चुकते, इंजिन तापतं. मी सुधारलीय. आणखी सहा टक्के वाचतात. पाठवू?"

आणखी सहा. श्रीरंगच्या छातीत ती जुनी जळजळ पुन्हा उठली. फोन ठेवावा, उन्हाळ्यापर्यंत आपणच शोधून काढू, असं त्याला अगदी मनापासून वाटलं. काचेपलीकडे झरीन दिलशादबाईंना फोनवर काहीतरी सांगत होत्या आणि हसत होत्या.

"पाठव," तो म्हणाला. "पण वर तुझं नाव घाल. मला ते पुसता येणार नाही असं घाल."